दवाखान्यातला नवरा

९ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या लावणीच्या थेटरातली काजल वडवणीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तांबी बसवून आली. बरोबर नवरा म्हणून सोपान गेलता. (इथून पुढं नुसतं सो. लिहीन. डायरी कुणाच्या हाती लागली तर उगं बोभाटा नको.)

आक्का आमची मालकीण, तिचा नियम जुना हाय. थेटरची बाई एकटी दवाखान्यात जायची न्हाई. एकटी गेली की आधी गळ्याकडं बघतेत, मग आवाज चढवतेत. चाळ बांधली की लग्न न्हाई, मग नवरा आणायचा कुठून? तर सो. ढोलकीवाला असून पीत न्हाई, पांढरा सदरा, बोलणं हळू. डॉक्टर त्याला बघून आमच्याशीबी नीट बोलतेत. दुसरा नियम, एका गावात एकच बायको. बीडला मी. माजलगावला सुरेखा होती, ती थेटर सोडून गेली. वडवणी मोकळं होतं. आता भरलं.

पोट दुखतंय म्हणून लवंडावं का न्हाई? पण ही भवानी ओट्यावर बसून सगळ्यांला सांगतेय. "शालनताई, सिस्टरनं विचारलं ह्या कोण तुमच्या, तर हे म्हणले, माझी मंडळी!" आणि खी खी खी.

"हे" म्हणते! आज सकाळपर्यंत सोपानदादा होता. मी तांदूळ निवडत होते, निवडलेल्यात खडे परत टाकले.

मंडळी मला म्हणलं होतं त्यानं. बीडला, दिवस गेलते ते पाडायला नेलं आणि रक्त थांबेना म्हणून तिथंच ठेवून घेतलं, तवा. डॉक्टर म्हणला कोण तुमी, तर हा म्हणला, माझी मंडळी हाय साहेब, नीट बघा. "नीट बघा" काजलच्या वेळी म्हणला का न्हाई कोण जाणे. विचारणार न्हाई. मेले तरी विचारणार न्हाई.

१० फेब्रुवारी, बुधवार

विचारलं. "नीट बघा" असं न्हाई म्हणलं म्हणे. दुपारी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

टँकर आला न्हाई. पाळी कधीच संपायला पायजे होती, तरी अंगावरून जातंय. गेल्या महिन्यातबी असंच. पाणी बाईमागं एक घागर. त्यात कापडं धुवायची का अंघोळ करायची? आक्का म्हणते पॅड आण. आणायला चौसाळ्याला जावं लागतं, आणि तिथला दुकानदार पुडकं बांधताना डोळा बारीक करून विचारतो, आज कार्यक्रम बंद का?

कार्यक्रम तसाबी बंदच हाय. माजलगावच्या धरणात चिखल राहिला, ऊस उभा वाळला, कारखान्याचा पट्टा पडून गाळप लवकरच थांबणार म्हणतेत. उसाचं बिल न्हाई तर वन्समोर कोण देणार? माझे डायरेक्टर साहेब पहिल्या रांगेत पांढरे बूट घालून बसायचे, ते दिवाळीपासून फिरकले न्हाईत. ही डायरीबी त्यांचीच. त्यांच्या पतसंस्थेची, पहिल्या पानावर चेअरमन हात जोडून उभे. पतसंस्थेला कुलूप लागलं, चेअरमन अजून हात जोडूनच हायत.

१४ फेब्रुवारी, रविवार

दुपारी तालीम. बघायला कुणी येणार न्हाई, तरी आक्का तालीम सोडत न्हाई. म्हणते पाय गंजतेत.

माझी गिरकी संपली की सो. एक छोटा तुकडा वाजवतो, शेवटी दबकी थाप. किती वर्षं झाली. कुणी ठरवलं न्हवतं, तो वाजवायचा आणि मला कळायचं की बरी झाली. आज काजलची गिरकी संपली आणि तोच वाजवला. ती चुकली, हसली. त्यानं परत वाजवला. परत चुकली. परत हसली, परत वाजवला! मला कधी चुकायची मुभा न्हवती.

तिची कंबर बघवत न्हाई मला. उगं कशाला खोटं लिहू. एकवीस वर्षाची कंबर हाय, तिचा काय दोष. पण बघवत न्हाई.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

बीड. खाजगी डॉक्टर. सो. गावाकडं गेलता म्हणून आक्का सासू होऊन आली.

डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवलं, पडद्याकडं बघत बघत बोलला. "पिशवी खराब झालीय. ठेवली तर पुढं कॅन्सर. काढून टाकू. मुलं किती?"

मुलं न्हाईत म्हणलं.

त्यानं माझ्याकडं न्हाई, आक्काकडं बघितलं. "वय चौतीस. मूल नाही झालं ते नाही झालं. आता ठेवून काय करायचंय?" दोन तारखेला बुधवारी या म्हणला. येताना मिस्टरांना आणा, सही लागेल.

जीपमधी आक्का म्हणली, "उरकून घे शाले. आता धंदा बंदच हाय, निजायला येळ हाय. दिवाळीला परत उभी राहशील." मायेनंच म्हणली. तिची स्वतःची कधीच काढलेली हाय.

मला भ्या वाटतंय. लई. कॅन्सर म्हणला तवा कानात सुंई झालं, पुढचं ऐकूच आलं न्हाई. आणि "ठेवून काय करायचंय" हे तेवढं नीट ऐकू आलं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

सो. आला गावाहून. ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसला होता. म्हणलं, दोन तारखेला बीडला चल, सही कर.

कशाची विचारलं. सांगितलं.

"ही सही मी करणार न्हाई, बाई."

"कावून?"

"न्हाई म्हणजे न्हाई. बाकी कायबी सांगा."

"काजलच्या येळी तर पेन शोधत पळाला असशील!"

"ती तांबी होती. ती कवाबी काढता येती." आणि परत दोऱ्या. मान खाली. मी तिथंच उभी, बोलावं म्हणून.

सही करावी असं मला वाटत होतं का? न्हाई. तो न्हाई म्हणला म्हणून जीव हलका झाला का? झाला, जरासा. मग राग कशाचा? तिला नवरा मागितला तर लगेच उठून गेला. मला मागितला तर न्हाई. हिशेब एवढाच हाय, आणि मला तो गिळवत न्हाई.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आज वाईट झालं. काजलच्या पोटात कळा येत होत्या, तांबीनं येतेत सुरुवातीला. सो. हायवेच्या ढाब्यावरून घागर भरून घेऊन आला. तिला शेकायला. माझ्या अंगावरून जाऊन जाऊन मी भिंतीला टेकून बसलेली, माझ्यापुढून घागर नेली. माझ्यापुढून! मी उठले आणि पायानं लवंडली.

सगळं पाणी अंगणात. जमिनीनं क्षणात पिऊन टाकलं. आक्कानं कपाळाला हात लावला. सो. रिकामी घागर उचलून परत गेला, ढाबा जवळ न्हाई. काजल म्हणली, "ताई, मला सांगितलं असतं तर तुमालाच दिली असती की."

दिली असती, ते ठाऊक हाय. म्हणून तर जास्त राग येतो तिचा.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

काय केलं मी हे.

सकाळी सो.ला म्हणलं, सही नको करू. पण तपासायला तरी चल. वडवणीला.

"बीडला जाऊ की. तुमचं बीड हाय."

"वडवणीलाच."

"तिथं काजलला नेलतं ना बाई."

"म्हणूनच."

आक्का झोपली होती, न्हाईतर सोडलंच नसतं. नाचाच्या पेटीतलं मंगळसूत्र घातलं, हिरवी साडी, ठसठशीत कुंकू. वडवणीत एकदा दिसू दे लोकांला, ह्याची बायको कोण हाय ती. डोकं फिरल्यावर माणूस असंच करतं.

सिस्टरनं चष्म्यावरून बघितलं. जाडजूड बाई, घामाघूम, पुढं ही रांग. "अहो, तुम्ही परवाच आला होतात ना? ती बारीक पोरगी तुमची मंडळी म्हणून?"

सो.चं तोंड उघडं ते उघडंच. मग म्हणला, "ती धाकटी."

मी म्हणलं, "मी थोरली."

सगळी रांग हसायला लागली. पोटुशी बाई होती एक, ती पोट धरून हसतेय. एका म्हातारीनं विचारलं, "दोघी एकाच घरात नांदता व्हय गं?" मी म्हणलं, "नांदतो. पण ती सवत मला डोळ्यापुढं नको होती." म्हातारी चकचक करायला लागली, हात धरला माझा. नाटकात एवढं खरं मी कधीच बोलले न्हवते. डोळ्यांत पाणी आलं ते खरंच आलं.

सिस्टरनं मला आत ओढलं, दार लावलं. "थेटरच्या ना? मग हे सोंग कशाला? सज्ञान बाई आहात. तांबीला, तपासणीला, ऑपरेशनला तुमची स्वतःची सही पुरते. नवरा नाही तर नाही. पुढच्या वेळी तमाशा नको, माझी अर्धी ओपीडी बाहेर हसत बसलीय." तमाशा म्हणली आणि स्वतःच ओशाळली.

मग मॅडम. मॅडमनी हळू तपासलं, दुखतंय का विचारत विचारत. तांबी माझीबी होती, बीडची, त्या दुखण्यानंतर बसवलेली. तिची मुदत कधीच संपली म्हणे. कुणी सांगितलं न्हाई का? कोण सांगणार, बसवली तवा मी अर्धी शुद्धीत होते. ती काढली. आतून सूज हाय, गोळ्या दिल्या, मधीच सोडायच्या न्हाईत. जोडीदारालाबी गोळ्या द्या, आणि निरोध वापरायला लावा म्हणली. कुणाला लावू, डायरेक्टर साहेबांला शोधून आणू? पिशवीच्या तोंडाचा नमुना तपासायला पाठवला. "दहा तारखेला गुरुवारी या. तोपर्यंत कोणी काहीही सांगू दे, पिशवी काढायची घाई करू नका."

बाहेर सो. दोन चहा घेऊन उभा. म्हणलं, माझी सही चालती म्हणे. नवरा लागत न्हाई.

"कुठंच?"

"कुठंच न्हाई."

त्यानं दोन्ही चहा माझ्याच हातात दिले. मोकळी झाले म्हणून बरं वाटायला पायजे. मला तर काडीमोड झाल्यासारखं वाटलं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

आक्कानं लई शिव्या घातल्या. वडवणी आता कायमची गेली म्हणली, पोरींला न्यायचं कुठं.

मी ठरवलंय. सही माझी मला करता येती ना? मग बुधवारी बीडला जाते. पिशवी काढून टाकते. पिशवी न्हाई तर तांबी न्हाई, पाळी न्हाई, दवाखाना न्हाई, नवरा न्हाई. मग त्यानं काजलला मंडळी म्हणावं न्हाईतर डोक्यावर घेऊन फिरावं. मॅडम थांबा म्हणल्या. कशासाठी थांबू? कुणाची वाट बघू?

आक्काला सांगितलं. तिचा राग लगेच उतरला, बटव्यातलं पान काढून दिलं.

२८ फेब्रुवारी, रविवार

काजल तेल घेऊन आली डोक्याला लावायला. नको म्हणलं तरी लावलं. म्हणली, "मी त्यांला 'हे' म्हणते ना ताई, ते तुमचं तोंड बघायला. लई मज्जा येती. कडू भोपळा खाल्ल्यावानी करता."

मी हसले न्हाई. ती गेल्यावर हसले. तरीबी, बिनकामाचं कुणी असं चिडवतं का? तिच्या मनात कायतरी असणारच.

२९ फेब्रुवारी, सोमवार

सो.ची बायको आली. कुसुम.

पट्टा पडला, ऊसतोडीच्या टोळ्या माघारी आल्या. गावात प्यायला पाणी न्हाई म्हणून लेकरं आईकडं ठेवून ती इकडं आली. मी तिला आधी कधी बघितलं न्हवतं. माझ्याच वयाची असंल, दिसते थोर. हाताला उसाच्या पाचटाचे वण. म्हणलं, हिच्यावर काय जळायचं. तेवढ्यात सो.नं तिच्या डोक्यावरचं गाठोडं न विचारता उतरवून घेतलं. एवढंच. मला जेवण गेलं न्हाई.

दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. पदरानं सारखा वारा घ्यायची. "अंगातून वाफा येतेत बगा. पिशवी काढल्यापासून."

माझ्या हातातली गोळी हातातच राहिली. विचारलं, कवा काढली?

"लई वरसं झाली. पाळीत कामाला खाडा पडायचा, मुकादम बोलायचा. टोळीतल्या समद्याच बायांनी काढली, म्या बी काढली. दोन लेकरं होती, आता काय करायची म्हणला डॉक्टर. तवापास्नं कंबर गेली. मोळी डोक्यावर घेता येईना. लघवीला आग होती."

"सही कुणी केली?"

"मुकादमानं. नवऱ्याच्या जागी."

"आणि हे कुठं होते?" मीबी "हे"च म्हणलं, तोंडातून गेलं.

"हे बीडला. थेटरची एक बाई लई शिरीयस होती, तिच्यापाशी बसलते. म्या घरी आले, टाके निघाले, तवा आले." मग माझ्याकडं बघून म्हणली, "ती बाई तुमीच ना?"

मी मान हलवली.

"वाचलात. बरं झालं." रागानं न्हाई म्हणली. त्यापेक्षा झिंज्या धरल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग म्हणली, "डॉक्टर काढा म्हणला म्हून काढू नका बया." आणि प्यायला पाणी मागितलं.

मी घागरच दिली.

१ मार्च, मंगळवार

सो.ला धरलं. कावून सांगितलं न्हाई एवढ्या वर्षात?

"काय सांगू बाई? माझ्या बायकोच्या कागदावर मुकादम नवरा. आन मी तिकडं तुमच्या..." ढोलकीची दोरी सोडून परत बांधत म्हणला, "सहीला हात उचलंना. तिचं पोट दिसतं."

त्या बीडच्या दिवसांवर मी आजवर जगले. थर्मासमधी चहा आणायचा, उशाशी बसायचा, रात्रपाळीच्या नर्सशी भांडायचा. माझ्या आयुष्यात तेवढंच एक लग्नासारखं. ते कुसुमचं होतं. तिच्या वाट्याचं उचलून मी खाल्लं आणि मला ठाऊकबी न्हवतं.

एवढं कळूनसुद्धा काय होतंय? जळतेच हाय. काजल बाजूला राहिली, आता कुसुमवर. तिचं पोट त्याला दिसतं म्हणून.

लिहून टाकते. मला मूल पायजे. सो.चं पायजे. हे पान फाडायला घेतलं होतं, मागच्या बाजूला चेअरमनचं भाषण हाय, त्याच्यासकट. फाडलं न्हाई.

२ मार्च, बुधवार

बीडला गेले न्हाई. आक्का जीप लावून वाट बघत होती. म्हणली, "पुन्यांदा रडत येशील तर दारात उभी करणार न्हाई." दिवसभर माझ्याशी बोलली न्हाई, मधी मधी नुसती "मर मग" म्हणत होती. गोळ्या चालू हायत. अंगावरून जायचं कमी झालंय. तिला सांगितलं तर म्हणली, दिवा विझताना असाच मोठा होतो. मेल्यावर रडशील का म्हणलं, तर रडायलाच लागली.

४ मार्च, शुक्रवार

सो.ला म्हणलं, दहा तारखेला कुसुमला वडवणीला घेऊन जा. आग होते ती तपासून घे.

"आन तुमी?"

"मी माझी येते. मला सही लागत न्हाई."

"वडवणीत आधीच दोन बायका झाल्यात माझ्या." तोंड असं केलं की मला हसू आलं, त्यालाबी आलं. लई दिवसांनी दोघं हसलो. मग त्यानं कुसुमला हाक मारली आणि तिला घेऊन टँकरकडं गेला. संपलं हसू.

७ मार्च, सोमवार

महाशिवरात्र. भगर करायलाबी पाणी मोजून. अंगावरून जायचं पूर्ण थांबलं.

कुसुमला चाळ बघायचे होते. काजलनं तिच्या पायात बांधले, एक पाऊल शिकवलं. कुसुमनं कंबरेवर हात ठेवून दोन पावलं टाकली आणि लाजून खाली बसली. "वाजवा की, नुस्तं काय बगता," नवऱ्याला म्हणली. त्यानं वाजवलं. तो तुकडा. शेवटच्या दबक्या थापेसकट.

मी उठून आत गेले. कुसुमला वाटलं मला उपासानं चक्कर आली. मागून खजूर घेऊन आली.

१० मार्च, गुरुवार

एकटी गेले वडवणीला. मंगळसूत्र पेटीतच ठेवलं. रांगेत बसले, गळा मोकळा, कुणी काय म्हणलं न्हाई. घाबरायचं एवढी वर्षं ते ह्याच रांगेला का?

पलीकडच्या बाकावर सो. आणि कुसुम. सिस्टर बाहेर आली. सो.ला बघून हातातला ट्रे खालीच ठेवला. "परत तुम्ही! आज ही कितवी?"

रांग हसली. म्हातारी आजबी होती, ती तर उठून बघायला लागली.

"ही माझी बायको हाय सिस्टर. लग्नाची."

"मागच्या दोन पण लग्नाच्याच होत्या. मला काय येडी समजता? चला, उठा, खरी माणसं खोळंबलीत."

कुसुमनं पदर तोंडावर ओढला. उठली. "चला घरी. मला न्हाई तपासायचं." सो. तिचा दंड धरून उभा. त्याचं खरं आम्हीच खोटं करून ठेवलेलं.

मी बसून होते. लिहिते, कारण खरं हाय. एक घटकाभर मला बरं वाटलं. कुसुमला कुणी बायको मानंना, ते बघून बरं वाटलं. गप्प बसले असते तर ती निघून गेली असती, ती आग घेऊन पुढच्या हंगामाला उसाच्या फडात उभी राहिली असती, आणि मला कुणी बोल लावला नसता.

उठले. म्हणलं, "सिस्टर, ही त्यांची खरी बायको. मी न्हाई, ती पोरगीबी न्हाई. आमी दोघी थेटरच्या. नवरा आमी मागून आणलता, हिच्याकडचा."

हसणं बंद झालं. माझ्या शेजारच्या बाईनं साडीचा घोळ गोळा करून अंग आखडून घेतलं. म्हातारीनं त्या दिवशी हात धरला होता, आज दुसरीकडं बघितलं. सिस्टरनं ट्रे उचलला, केसपेपरावरचं नाव वाचून नुसतं म्हणली, "कुसुमबाई, या आत." कुसुम जाताना माझ्याकडं बघत गेली. सो. काय बघत होता ठाऊक न्हाई, मी मान वर केली न्हाई.

मग माझा नंबर. मॅडमनी रिपोर्ट वाचला. "काही वाईट नाही. सूज पण उतरलीय. पिशवी ठणठणीत आहे, काढायची काही गरज नाही." आणि त्याच दमात, "मग आता काय करू? नवीन तांबी बसवू, तीन महिन्यांचं इंजेक्शन देऊ, का मूल हवंय? हवं असेल तर अजून वेळ आहे, पण फार नाही."

मी म्हणलं, विचारून सांगते.

"कुणाला?"

त्यांनी निरोधाची पाकिटं दिली, पुढच्या गुरुवारी या म्हणल्या.

बाहेर आले तर दोघं जीपपाशी थांबलेले. कुसुमच्या हातात गोळ्या. तिनं सरकून तिच्या शेजारी जागा केली. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसले. वरच्या आरशात दोघं दिसत होते. तिला डुलकी लागली, त्याच्या खांद्यावर डोकं गेलं, त्यानं खांदा हलवला न्हाई. थेटर येईपर्यंत मी आरशातच बघत होते.

उतरताना त्यानं विचारलं, "काय म्हणल्या बाई मॅडम?"

"गुरुवारी बोलावलंय," म्हणलं. पिशवी ठणठणीत हाय, हे अजून कुणालाच सांगितलेलं न्हाई.